मल्टिट्रॅक रेकॉर्डर: आधी माणसं मोजा, मग ट्रॅक

मल्टिट्रॅक रेकॉर्डर म्हणजे प्रत्येक वाद्य आणि गाणं वेगळ्या ट्रॅकवर, म्हणजे वेगळ्या थरात, घेणारं यंत्र. तो शोधायला लागलं की खोक्यावर सगळ्यात ठळक छापलेला आकडा ट्रॅकचा असतो. ६, ८, १६, २४. नवखा माणूस त्या आकड्याला भुलतो. घरात रेकॉर्डिंग करणाऱ्याला खरा उपयोगाचा आकडा मात्र बारीक अक्षरांत कुठेतरी खाली असतो: एका वेळी किती ट्रॅक रेकॉर्ड होतात.

टॅस्कॅमच्या डीपी-००८ईएक्स या छोट्या यंत्रात ट्रॅक आठ आहेत, पण एका वेळी रेकॉर्ड होतात दोनच. आधी हार्मोनियम घ्यायची, मग ती कानात ऐकत तबला, मग दोन्ही ऐकत गाणं, असे थर चढवत आठपर्यंत जायचं. याला ओव्हरडब म्हणतात. झूमचा आर१६ याच्या उलट आठ माइक एकाच वेळी आठ वेगळ्या ट्रॅकवर घेतो. घरी एकट्याने थर चढवणाऱ्याला पहिलं यंत्र भरपूर झालं. भजनी मंडळाला मात्र ते पुरणार नाही, कारण तिथे पखवाज, पेटी, टाळ आणि मुख्य गायक एकमेकांकडे बघत, एकमेकांच्या अंगाने वाजवतात. त्यांना वेगळं वेगळं बसवून रेकॉर्ड केलं तर भजनातला जीवच जातो.

खालचं सगळं एका ठरावीक संचाला धरून सांगतोय: गाणारा किंवा गाणारी, हार्मोनियम, तबला, इलेक्ट्रॉनिक तानपुरा आणि कोरसला दोन-तीन जण. भावगीत, अभंग, घरातली आरती, स्वतः चाल लावलेली कविता, असं काहीतरी. गिटार-कीबोर्डवाल्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

यंत्र घ्यायचंच का?

लॅपटॉप असेल तर हा प्रश्न प्रामाणिकपणे स्वतःला विचारा. दोन इनपुटचा ऑडिओ इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी डबी) आणि रीपर किंवा गॅरेजबँडसारखं सॉफ्टवेअर एवढ्यात काम होतं, आणि स्क्रीनवर कापाकापी करणं रेकॉर्डरच्या इवल्याशा पडद्यापेक्षा कितीतरी सोपं जातं. सॉफ्टवेअरशी खटपट करायची हौस असेल तर तो रस्ता धरा, पुढचं माइक आणि खोलीबद्दलचं तेवढं वाचा.

रेकॉर्डर कोणासाठी, तर ज्यांना गाताना संगणक समोर नको आहे त्यांच्यासाठी. पेटीशेजारी ठेवला, लाल बटण दाबलं, सुरू. लॅपटॉपच्या पंख्याचा आवाज नाही, ड्रायव्हरची कटकट नाही, आणि आपलाच आवाज हेडफोनमध्ये क्षणभर उशिरा येण्याचा त्रासही जवळजवळ नाही. बरीच यंत्रं बॅटरीवर चालतात. आणखी एक गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते: पडद्यावर लाटा दिसत नाहीत म्हणून माणूस कानाने ठरवतो. स्क्रीनसमोर बसलेला माणूस तबल्याची थाप रेषेवर पडली की नाही ते बघत बसतो. ती कानाला बरी लागतेय की नाही हे तो विसरून जातो.

ठरत नसेल तर दोन्ही कामं करणारं यंत्र बघा. झूमचे आर८ आणि आर१६ यूएसबीने संगणकाला जोडले की इंटरफेस म्हणूनही चालतात. ती मॉडेलं आता जुनी झाली, पण सेकंड-हँड बाजारात दिसतात.

निवडताना

कागद घ्या आणि लिहा: माझ्याकडे एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण वाजवणार? स्वप्नातला वाद्यवृंद लिहू नका, खरोखर घरी येणारी माणसं लिहा.

एक किंवा दोन असं उत्तर आलं तर दोन इनपुटचं यंत्र घ्या. डीपी-००८ईएक्स, आर८ किंवा त्यांच्याहून बराच नवा झूम आर४, या जातीचं. आर४ मध्ये ट्रॅक चारच आहेत, पण बाउन्ससाठी (काही ट्रॅक मिसळून एकत्र उतरवण्यासाठी) वेगळी जागा दिली आहे आणि तो ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो. त्याचा फायदा पुढे गेनच्या भागात येईल.

तीन-चार जण एकत्र बसून वाजवणार आणि नंतर थर चढवण्याची फारशी गरज नसेल, तर हातात धरायच्या रेकॉर्डरकडे बघा. झूमच्या एच४एन प्रो मध्ये वर दोन माइक बसवलेलेच आहेत आणि खाली आणखी दोन माइक जोडता येतात, चारही वेगळे रेकॉर्ड होतात. एच६ मध्ये चार माइक बाहेरून जोडता येतात. मंडळाची बैठक टिपायला यांच्याइतकं सुटसुटीत दुसरं काही नाही. सहा-आठ माइक लागणार असतील तर टॅस्कॅमचा डीपी-२४एसडी, जो एका वेळी आठ ट्रॅक घेतो, किंवा मिक्सर आणि रेकॉर्डर एकत्र असलेली टॅस्कॅम मॉडेल १२, झूम लाइव्हट्रॅक अशी यंत्रं. ती मोठी आहेत, महाग आहेत, आणि दोन खोल्यांच्या घरात ठेवायची कुठे हाही प्रश्न असतो.

आकडा ठरला की तीन गोष्टी तपासा. माइकसाठी एक्सएलआर (तीन पिनांची) जोडणी आहे का? टॅस्कॅमच्या डीपी-००६ सारख्या अगदी छोट्या यंत्रात ती नसते, आणि चांगला माइक घ्यायची वेळ आली की अडतं. ४८ व्होल्ट फॅन्टम पॉवर (कंडेन्सर जातीच्या संवेदनशील माइकला केबलमधूनच मिळणारी वीज) आहे का, आणि किती इनपुटला? आर१६ मध्ये आठ इनपुट असले तरी फॅन्टम फक्त दोनला मिळते, म्हणजे कंडेन्सर माइक दोनच लावता येतील. गिटार थेट लावायची असेल तर हाय-झेड इनपुट आहे का? तो नसेल तर गिटार बसक्या आवाजात येते.

बिट आणि सॅम्पल रेट, म्हणजे आवाज किती बारकाईने आणि सेकंदाला किती वेळा मोजला जातो, याची चर्चा लोक तासन्‌तास करतात. घरच्या कामाला २४ बिट आणि ४४.१ किंवा ४८ किलोहर्ट्झ असेल तर उत्तम. डीपी-००८ईएक्स १६ बिट घेतो, म्हणजे तो टाकाऊ होत नाही. पातळी थोडी काळजीने लावावी लागते, इतकंच. जागेचा हिशेब सोपा आहे: १६ बिट, ४४.१ वर एक ट्रॅक मिनिटाला साधारण ५.३ एमबी खातो. २४ बिट, ४८ वर ८.६ एमबी. पाच मिनिटांचं आठ ट्रॅकचं गाणं पहिल्या हिशेबाने दोनशे एमबीच्या थोडं वर जातं. ३२ जीबीचं कार्ड वर्षभर पुरेल. कार्ड मात्र चांगल्या कंपनीचं, यंत्राच्या कंपनीने दिलेल्या यादीतलं घ्या आणि रेकॉर्डरमध्येच फॉरमॅट करा.

सेकंड-हँड घेणार असाल तर सोबत हेडफोन, माइक आणि केबल घेऊन जा. प्रत्येक फेडर (ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करणारी सरकती खुंटी) हळूहळू वरखाली करून खरखर येते का ऐका. प्रत्येक जॅकमध्ये केबल हलवून बघा. फॅन्टम सुरू करून कंडेन्सर माइक चालतो का बघा. एक मिनिट रेकॉर्ड करून, यंत्र बंद करून, परत सुरू करून ते वाजवा. अॅडॉप्टर मूळचा नसेल तर व्होल्टेज आणि पिनेची धन-ऋण बाजू माहितीपुस्तिकेशी जुळवल्याशिवाय लावू नका.

बाकीचं सामान

एकच माइक घ्यायचा असेल तर मी डायनॅमिक (ज्याला फॅन्टमची वीज लागत नाही तो) घ्या म्हणेन. शुअरचा एसएम५८ १९६६ पासून बनतोय आणि अजून स्टेजवर सगळीकडे दिसतो. नकली माल इतका आहे की अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्यावा. कंडेन्सर माइक जास्त बारकावे टिपतो हे खरं, पण त्या बारकाव्यांत शेजारचा कुकर, खालची रिक्षा आणि भिंतीवरून परतलेला आवाजही आला. डायनॅमिक माइक कमी संवेदनशील असल्यामुळे जवळून वापरावा लागतो, आणि जवळून वापरला की खोली कमी ऐकू येते. घर शांत असेल, रात्री रेकॉर्डिंग जमत असेल, तर गाण्यासाठी आणि तानपुऱ्यासाठी कंडेन्सर जरूर घ्या. पावसाळ्यात तो सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात ठेवावा. कोकणात आणि गोव्यात तर हे विसरूच नये.

हेडफोन कान पूर्ण झाकणारे, मागून बंद असलेले हवेत. उघड्या पाठीच्या हेडफोनमधून पेटीचा आवाज गळतो आणि गाण्याच्या माइकमध्ये शिरतो. ब्लूटूथ हेडफोन इथे बाद. त्यात आवाज उशिरा पोचतो आणि तबलजी कायम मागे पडतो. दोघं एकत्र वाजवणार असतील तर दोन हेडफोन आणि छोटा हेडफोन-अॅम्प लागेल, कारण छोट्या यंत्रांना हेडफोनचं भोक बहुधा एकच असतं.

स्टँड, पॉप फिल्टर (तोंडाची फुंकर अडवणारी जाळी), दोन चांगल्या एक्सएलआर केबल. केबलवर कंजुषी करू नका, स्टँडवर थोडी चालेल.

खोली

अंड्याचे ट्रे भिंतीला चिकटवू नका. त्यांनी आवाज बाहेर जायचा थांबत नाही आणि घुमणंही नाममात्र कमी होतं. गाद्या, गोधड्या, भरलेल्या कपाटाचा उघडा दरवाजा, जाड पडदे, सोफा यांनी खरा फरक पडतो. गाणाऱ्याच्या पाठीमागे गादी उभी करा. माइकला पुढून आवाज घ्यायचा असतो, आणि गाणाऱ्याच्या मागच्या भिंतीवरून परतणारा आवाजही पुढूनच येतो. खोलीच्या बरोबर मध्यभागी आणि अगदी कोपऱ्यात बसणं टाळा.

टाळी वाजवून बघा. झणझणीत शेपूट ऐकू आली तर आणखी गोधड्या.

पंखा बंद, फ्रिज शक्य असेल तर तेवढ्यापुरता बंद (परत लावायची आठवण दारावर चिकटवा), मोबाइल दुसऱ्या खोलीत. हेडफोनमध्ये गुणगुण येत असेल तर रेकॉर्डर बॅटरीवर घेऊन बघा. गुणगुण गेली तर दोष अर्थिंगचा किंवा अॅडॉप्टरचा. स्वस्त इन्व्हर्टरवरही अशी भणभण येते, त्यामुळे वीज गेली असताना बॅटरीवरच काम केलेलं बरं.

एसीची एक वेगळीच गंमत आहे. कोरड्या गार हवेत तबल्याचा सूर चढतो, दमट हवेत उतरतो. आवाजासाठी एसी बंद करणार असाल तर तो आधी बंद करा, खोली स्थिर होऊ द्या, आणि मग तबला लावा. एसी चालू असताना लावलेला तबला तिसऱ्या टेकपर्यंत (गाणं तिसऱ्यांदा रेकॉर्ड करेपर्यंत) सरकलेला असतो.

बटण दाबण्याआधी: सूर कोणाचा?

थर चढवून केलेलं रेकॉर्डिंग बहुतेक वेळा सुरात फसतं. मैफलीत सगळे जण आपोआप एकमेकांशी जुळवून घेतात. रेकॉर्डरवर आज वाजवलेली पेटी परवा गाणाऱ्याशी जुळवून घेऊ शकत नाही.

म्हणून जे वाद्य लावता येत नाही, त्याच्यापासून सुरुवात करायची. आपल्या संचात ती हार्मोनियम. घरातल्या जुन्या पेटीचे सूर बहुधा आजच्या कीबोर्डशी तंतोतंत जुळत नाहीत, थोडे चढे किंवा उतरे असतात. पेटीला ते बदलता येत नाही; इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याला आणि कीबोर्डला येतं. पेटीचा षड्ज धरून तानपुऱ्याचा बारीक सूर कानाने जुळवा आणि ती जागा लिहून ठेवा. कीबोर्ड असेल तर त्याचं मास्टर ट्यूनिंग त्याच पेटीला लावा. मोबाइलवरचं तानपुऱ्याचं अॅप वापरत असाल तर त्यातही बारीक सूर बदलता येतो का बघा.

पट्टी ठरवताना तबल्याचा विचार करा. गायिकेची पट्टी काळी चार किंवा पाच असेल आणि घरातला तबला काळी एकचा, तर हातोडीने ठोकून तो तिथे पोचणार नाही, पुडी फाटेल. छोट्या तोंडाचा तबला मिळवा, नाहीतर तबला मध्यम किंवा पंचमाला लावता येतो का ते तबलजीला विचारा. ते त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

पेटी समान अंतराच्या सुरांची, तानपुरा स्वयंभू गंधाराचा. पेटीचा शुद्ध गंधार तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे १४ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. दोन्ही मोठ्याने वाजले की कानाला काहीतरी बोचतं. इलाज नाही, मिक्समध्ये (सगळे ट्रॅक एकत्र बसवताना) पेटी जोरात असेल तिथे तानपुरा मागे ठेवायचा.

लय कोणाची?

यंत्रात मेट्रोनोम असतो. केरवा, दादरा अशा सरळ चालींना तो चालतो. रूपकच्या सात मात्रांना सगळ्या यंत्रांचे मेट्रोनोम साथ देत नाहीत. तेव्हा तालमाला (ठेका वाजवणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र) किंवा तबल्याच्या अॅपचा ठेका एका ट्रॅकवर पहिल्यांदा रेकॉर्ड करून घ्या आणि तो पायाला धरा. शेवटी पुसून टाकायचा.

अभंगाची गोष्ट निराळी. तिथे लय वाढते, वाढलीच पाहिजे. मेट्रोनोमवर गायलेला अभंग शेवटच्या कडव्याला जागच्या जागी पाय आपटत राहतो. अशा वेळी दोन इनपुटचा चांगला उपयोग होतो: गाणारा आणि तबलजी समोरासमोर बसून संपूर्ण अभंग एकदा म्हणा, चुकांकडे दुर्लक्ष करून, फक्त लय मनासारखी होईपर्यंत. हा पायाचा ट्रॅक. पुढे प्रत्येक जण तो ऐकून आपापलं नीट वाजवेल, आणि शेवटी पायाचा ट्रॅक जाईल.

पायाच्या ट्रॅकच्या सुरुवातीला तोंडाने मोजा. गाणं मोकळ्या आलापाने सुरू होत असेल तर आलाप संपून सम कुठे येणार याची खूणही तोंडाने द्या: "आता तीन, चार". पुढच्या वेळी तबलजी एकटा हेडफोन लावून बसलेला असताना त्याला समोर गाणाऱ्याचा चेहरा दिसत नसतो.

गेन आणि फेडर

नवख्यांचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो. गेन म्हणजे यंत्रात आवाज किती जोराने शिरतो ते. फेडर म्हणजे शिरलेला आवाज किती जोराने ऐकू येतो ते. रेकॉर्डिंग फाटत असेल तर फेडर खाली करून उपयोग नाही. फाटलेलाच आवाज हळू ऐकू येईल.

गाणाऱ्याला गाण्यातली सगळ्यात वरची, जोरकस ओळ म्हणायला सांगा. मुखडा गुणगुणून चालणार नाही. त्या ओळीला मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास पोचला पाहिजे. १६ बिटच्या यंत्रावर उणे ८ पर्यंत गेलं तरी हरकत नाही. शून्याला स्पर्श झाला की आवाज कापला जातो आणि तो नंतर दुरुस्त होत नाही. तबल्याला आणखी सांभाळून, कारण ठुमरीला हळुवार वाजवणारा तबलजी लग्गीला (जलद, जोरकस बोलांना) आला की मीटर एकदम उसळतो. पातळी बघताना लग्गी वाजवून घ्या.

३२-बिट फ्लोटमध्ये ही भीती बरीच कमी होते. जोरात आलेला आवाज नंतर खाली आणता येतो. तरी माइक स्वतःच फाटला, किंवा माइक फार लांब ठेवल्यामुळे खोलीच जास्त आली, तर त्याला तो काही करू शकत नाही.

फॅन्टम पॉवर सुरू-बंद करताना आणि माइकची केबल काढताना हेडफोन कानावरून उतरवा, आवाज खाली करा. डायनॅमिक माइकला चांगल्या केबलवर फॅन्टमने इजा होत नाही. जुन्या रिबन माइकला होऊ शकते.

माइक कुठे ठेवायचा

गाणं: वीतभर अंतर, माइक ओठांच्या किंचित बाजूला, मधे पॉप फिल्टर. 'फ', 'भ', 'प'चा फुंकर थेट माइकवर जायला नको. फार जवळ गेलात तर आवाजाला खर्जाची खोटी सूज येते. काही पुरुष गायकांना ती आवडते, शब्द मात्र बुडतात. खाली बसून गाणाऱ्याने कागद मांडीवर ठेवू नये, मान खाली जाते आणि आवाज बदलतो. डोळ्यांच्या उंचीवर, माइकच्या मागे लावा.

हार्मोनियम: भात्याच्या समोर माइक ठेवला तर हवेचा फुसफुसाट येतो, पट्ट्यांच्या अगदी वर ठेवला तर बोटांची टकटक. वरून, दीड फूट अंतरावरून, भात्याकडे पाठ करून सुरुवात करा. मग एकाला वाजवायला सांगून दुसऱ्याने हेडफोन लावून माइक इकडेतिकडे सरकवायचा. पेटीपेटीत फरक असतो. गोड जागा अशीच सापडते. गाणारा स्वतःच पेटी वाजवत असेल तर पायाच्या ट्रॅकला दोन्ही एकत्र घ्या, पण शेवटच्या रेकॉर्डिंगला पेटी वेगळी, गाणं वेगळं. नाहीतर गाण्याचा एक चुकलेला शब्द बदलताना पेटीही बदलावी लागते.

तबला: दोन इनपुट असतील तर दोन्ही तबल्यालाच द्या. दायाँसाठी किनारीच्या दिशेने, एक फूटभर वरून. डग्ग्यासाठी थोडा लांब, कारण जवळ नेला की घुमारा गढूळ होतो. दोन माइकमधलं अंतर हे प्रत्येक माइक आणि त्याच्या वाद्यातल्या अंतराच्या साधारण तिप्पट असावं म्हणतात. तबला-डग्गा शेजारी-शेजारी असल्याने ते पाळणं अवघडच, म्हणून दोन्ही माइक एकमेकांकडे पाठ करून बाहेरच्या बाजूला वळवा. दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना डग्गा पोकळ वाटला तर एक माइक दोन-तीन बोटं सरकवा. एकच माइक असेल तर दोन्हींच्या मधोमध, दीड फूट वर, तबल्याकडे किंचित झुकलेला. आणि पावडरीपासून माइक लांब.

टाळ, झांज: चार-पाच फूट लांब. जवळ ठेवल्यास ते बाकी सगळ्यांना गिळतात.

तानपुरा इलेक्ट्रॉनिक असेल तर माइक नको, लाइन-आउट थेट यंत्राच्या लाइन इनपुटला. खरा असेल तर जवारीच्या बाजूने, फूटभरावरून, आणि घरातली सगळ्यात शांत वेळ निवडून.

आठ ट्रॅक कसे वापरायचे

दोन इनपुट, आठ ट्रॅकच्या यंत्रावर मी अशी मांडणी करेन. १ आणि २ वर पायाचं गाणं आणि पायाचा ठेका. ३ वर हार्मोनियम. ४ आणि ५ वर तबला आणि डग्गा. ६ वर तानपुरा. मग १ पुसून तिथे खरं गाणं. आता २ मोकळा झाला. गाण्याचा दुसरा टेक त्यावर घ्या. ७ आणि ८ वर कोरस: तिघं एका माइकभोवती अर्धवर्तुळात, एकदा ७ वर, जागा बदलून पुन्हा ८ वर. पुढे एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की तिघांचे सहा वाटतात.

बासरी राहिली? तेव्हा बाउन्स करायचं, म्हणजे काही ट्रॅक मिसळून एक-दोन ट्रॅकवर उतरवायचे आणि मूळचे मोकळे करायचे. १९७९ मध्ये टीअॅकने पोर्टास्टुडिओ १४४ आणला तेव्हा साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मिळायचे, आणि लोक असेच बाउन्स करत गाणी पुरी करत. प्रत्येक बाउन्सला टेपची सरसर वाढायची. डिजिटलमध्ये ती वाढत नाही, पण मिसळलेला तबला-डग्गा पुन्हा वेगळा होत नाही हे तेव्हासारखंच आजही खरं. डग्गा हळू राहिला असेल तर तो कायमचा हळू. म्हणून बाउन्स करण्याआधी गाण्याची प्रत काढून ठेवा. बहुतेक यंत्रांत तशी सोय असते.

एखादी ओळ चुकली तर सगळं परत गायची गरज नाही. पंच-इन वापरा, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करा. सुरुवात आणि शेवट श्वासाच्या जागी टाका, शब्दाच्या मधे नको. ऑटो पंच (ठरवलेल्या जागी यंत्र आपोआप रेकॉर्ड करतं) लावलात तर हात मोकळे राहतात. आणि नवीन तुकडा गाताना आधीच्या दोन ओळींपासून सोबत गात या. थेट तिथे सुरुवात केली की आवाजाचा पोत वेगळा लागतो आणि ठिगळ दिसतं.

टेकबद्दल एक मत: तीन-चार टेकमध्ये गाणं आलं नाही तर उठा, चहा प्या, दुसऱ्या दिवशी या. आठव्या टेकला शब्द बरोबर असतात आणि भाव संपलेला असतो.

मिक्स

फेडर सगळे खाली. आधी गाणं वर घ्या, ते आरामात ऐकू येईल इतकं. त्याच्याखाली तबला. मग पेटी, गाण्याच्या शब्दांना धक्का लागणार नाही एवढीच. तानपुरा शेवटी, आणि तो बंद केला तरच त्याची उणीव जाणवेल इतका.

गाण्याला ८० हर्ट्झच्या खालचं कापा, पंख्या-रस्त्याचा घुम्म आवाज जातो. डग्ग्याला मात्र तेच कापू नका. गाणं आणि डग्गा मधोमध, पेटी थोडी डावीकडे, दायाँ थोडा उजवीकडे. रिव्हर्ब (आवाज खोलीत घुमल्यासारखा करणारा परिणाम) हवा तेवढा लावा आणि मग त्यातला तिसरा भाग कमी करा. आपल्या लोकांना रिव्हर्बची हौस जरा जास्तच.

हेडफोनवर झालेला मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर आणि गाडीत वाजवून बघा. मोबाइलवर डग्गा नाहीसा होणारच, त्याला भिऊन तो वाढवत बसू नका. शब्द कळतायत का तेवढं बघा.

काम झाल्यावर

यंत्रातून नुसता शेवटचा मिक्स काढू नका. प्रत्येक ट्रॅक वेगळा, सगळे एकाच क्षणापासून सुरू होणारे, डब्ल्यूएव्ही स्वरूपात संगणकावर उतरवा. झूमच्या आर मालिकेत या फाइली प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये सरळ सापडतात. टॅस्कॅमच्या डीपी मालिकेत कार्डाचे दोन भाग असतात. रेकॉर्डिंग एका भागात होतं आणि संगणकाला दुसराच भाग दिसतो, त्यामुळे आधी यंत्रात एक्स्पोर्ट करावं लागतं. ते केलं नाही तर कार्ड संगणकात घातल्यावर गाणी गायब झाल्यासारखी वाटतात. ती तिथेच असतात; अशा वेळी घाबरून कार्ड फॉरमॅट मात्र करू नका.

उतरवलेल्या फोल्डरला गाण्याचं नाव, पट्टी, ताल, लय आणि तारीख द्या, आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर ठेवा. तानपुऱ्याच्या बारीक सुराची लिहून ठेवलेली जागाही त्याच फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलमध्ये टाका. कोरसची एखादी ओळ महिन्याने बदलायची झाली तर ती लागेल.